पेशींचे कृत्रिम यकृत

काय आहे? जिवंत यकृतपेशींचे, शरीराबाहेर चालणारे यंत्र. यकृत सावरेपर्यंत किंवा प्रत्यारोपणासाठी अवयव मिळेपर्यंत रुग्णाला तगवणे हा उद्देश.

कसे चालते? रक्तातून प्लाझ्मा वेगळा काढतात. तो पोकळ तंतूंच्या नळकांड्यातून फिरतो. तंतूंबाहेर पेशी असतात. मग प्लाझ्मा रक्तात मिसळून रुग्णाकडे परततो.

फरक काय? ‘मार्स’ हे अल्ब्युमिन डायलिसिस विषारी द्रव्ये काढते. त्यात पेशी नसतात. यकृतपेशी प्रथिनेही तयार करतात.

दोन मोठ्या चाचण्या

• हेपॅटअसिस्ट : डुकराच्या यकृतपेशी. १७१ रुग्णांवरील निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध. सर्व रुग्ण मिळून ३० दिवसांच्या जीवितदरात लक्षणीय फरक नाही.

• ईलॅड : मानवी यकृताच्या कर्करोगातून मिळालेल्या सी३ए पेशी. गंभीर मद्यजन्य हेपॅटायटिसवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१८ मध्ये अपयशी.