जुन्या जनरेटरची दुरुस्ती – भाग ५ : कॉम्प्रेशन कुठून गळतंय?

गेल्या दोन भागांत आपण प्लगची ठिणगी तपासली, कार्ब्युरेटर खोलून जेट साफ केलं, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाकलं. एवढं करूनही दोरी ओढून हात दुखेपर्यंत इंजिन लागत नसेल, किंवा लागतं पण दोन पंखे जोडले की दम टाकतं, तर संशय कॉम्प्रेशनवर घ्यायचा. इथे मात्र घाई नको. गॅरेजमध्ये या टप्प्यावर ‘रिंगा गेल्या’ असा निकाल फार लवकर लागतो. इंजिन खोललं जातं, नव्या रिंगा पडतात आणि थोड्याच दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर परत सुरू होतो. बोअर न मोजता टाकलेल्या रिंगांचं बहुधा असंच होतं.

आपल्याकडे दुकानांत आणि घरांच्या माळ्यावर पडून असलेले बरेच छोटे जनरेटर भारनियमनाच्या वर्षांतले आहेत. त्यातले काही पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे. रॉकेलची वाफ पेट्रोलइतकी सहज होत नाही. इंजिन तापायच्या आधीच कॉक रॉकेलवर फिरवला, की न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं आणि रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतं. तिथलं ऑइल पातळ होतं, मग सगळेच भाग एकमेकांवर कोरडे घासू लागतात. ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसली आणि त्याला रॉकेलचा वास आला, तर ही झीज झाली आहे असं धरूनच पुढे जा. झिजण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे फाटका किंवा काढून टाकलेला एअर फिल्टर. आत गेलेली बारीक धूळ ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरचं काम करते.

तरीही पिस्टनकडे जाण्याआधी टॅपेट बघा. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. इंजिन तापून भाग प्रसरण पावले की उरलेली फटही संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सकाळी थंड इंजिन एका ओढीत लागतं, तासभर चालवून बंद केलं की पुन्हा लागत नाही, ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. होंडाच्या जीएक्स १६० इंजिनात थंड असताना इनलेटची फट ०.१५ मि.मी. आणि एक्झॉस्टची ०.२० मि.मी. ठेवतात. बाजारात या इंजिनाच्या मापाच्या नकला खूप आहेत. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याचंच माप शोधा. फिलर गेज लावायला अर्धा तास पुरतो आणि सुट्या भागांचा खर्च शून्य. एवढ्यावर बरं होणारं इंजिन लोक उगीच फोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टॅपेट ठीक असेल तर प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, दोन-तीनदा दोरी ओढा, प्लग लावा आणि पुन्हा ओढून बघा. दोरी आता जड लागली, तर गळती रिंगांतून आहे. ऑइलने ती तात्पुरती बुजली. फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल एका बाजूला साचतं, म्हणून तिथे या चाचणीवर फार विसंबू नका. कॉम्प्रेशन गेजचंही तसंच आहे. दोरी हलकी जावी म्हणून अनेक छोट्या इंजिनांत डिकॉम्प्रेसर बसवलेला असतो, तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो आणि चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दाखवतो.

सगळ्यात खात्रीची परीक्षा हवेची. जुन्या प्लगचं लोखंडी बूड घेऊन त्यावर हवेचं निपल बसवून घ्या, कोणताही लेथवाला करून देईल. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची खात्री करा, फ्लायव्हील घट्ट धरून ठेवा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडा. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की गॅस्केटची गळती फुग्यांनी दिसते.

व्हॉल्व्हचा दोष असेल तर काम सोपं आहे. पेस्ट लावून लॅपिंग करा, सीटवर सलग राखाडी पट्टा आला की पुरे, आणि नंतर टॅपेट पुन्हा सेट करा.

दोष रिंगांत निघाला तर मात्र मोजल्याशिवाय एकही भाग विकत आणू नका. बोअर सगळीकडे सारखं झिजत नाही. सर्वांत वरची रिंग जिथे थांबून उलट फिरते तिथे दाब जास्त आणि ऑइल कमी, म्हणून झीजही तिथेच जास्त. त्याच्याही वर न झिजलेली कड उरते. नवी रिंग या कडेवर आपटून तुटू शकते.

मायक्रोमीटर नसला तरी हे मोजता येतं. एक रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांतली फट आधी झिजलेल्या जागी, मग अगदी खाली मोजा. समजा वर ०.७५ आणि खाली ०.४० मि.मी. आली. फरक ०.३५, त्याला ३.१४ ने भागलं की ०.११ मि.मी. वरचा व्यास खालच्यापेक्षा एवढा मोठा झाला आहे. जीएक्स १६० चं बोअर ६८ मि.मी. असतं आणि ६८.१६५ पर्यंत चालतं. मर्यादेच्या आत असाल तर हलकं होनिंग करून नव्या रिंगा टाका. पलीकडे गेलं असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घ्या; ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठा पिस्टन मिळतो. आधी पिस्टन आणा, मग त्याच्या मापाने बोअर करा.

सिलिंडर काढलाच आहे तर क्रँकपिनवर नख फिरवून पाहा. अशा अनेक छोट्या इंजिनांत ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड बेअरिंगशिवाय थेट पिनवर फिरतो. पिनवर ओरखडे लागत असतील किंवा ती लंबगोल झाली असेल, तर बोअरवर खर्च करू नका. तयार बदली इंजिन बसवणं तेव्हा परवडतं.

इंजिन जुळल्यावर पहिलं ऑइल २० तासांनी बदला. रिंगा बसण्यासाठी इंजिन रिकामं न चालवता मध्यम लोडवर चालवा. ताकद वाढवण्याच्या मोहाने गव्हर्नरचा स्क्रू आवळू नका. ५० हर्ट्झसाठी दोन पोलच्या जनरेटरला मिनिटाला ३००० फेरेच लागतात. आणि ही सगळी चाचणी उघड्या अंगणात, घराच्या दारंखिडक्यांपासून लांब करा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस दगावतो.