दोन गाड्या, एक ऑर्डर: वॉकी-टॉकी घेताना किलोमीटर नाही, मेगाहर्ट्झ बघा



आपल्या बॅचमधले एक केटरिंगवाले दादा. पुण्याहून माणगावला लग्नाची ऑर्डर होती. पुढच्या पिकअपमध्ये शेगड्या, पातेली आणि आचारी. मागच्या भाड्याच्या टेम्पोत किराणा, भाजी आणि वाढपी. ताम्हिणी घाटात टेम्पो पंक्चर झाला. फोनला रेंज नाही. पिकअप आपली पुढे निघून गेली आणि हॉलवर शेगड्या मांडून बसली. जेवणाला दीड तास उशीर झाला. मुलीच्या वडिलांनी शेवटच्या पेमेंटमधून पैसे कापले, आणि त्या घरातलं पुढचं साखरपुड्याचं काम दुसऱ्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन. "सर, ऑनलाइन वॉकी-टॉकीची जोडी बघितलीय. दहा किलोमीटर रेंज लिहिलीय. आणि भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडून सीबी रेडिओ आणतो. कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "दादा, आत्ता काहीच घेऊ नका. आधी त्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडा मला वाचून दाखवा."

तुमच्याही धंद्यात दोन गाड्या एकत्र निघत असतील, म्हणजे मंडप, साउंड, टूर्स, शिफ्टिंग, काहीही, तर हे शेवटपर्यंत वाचा. खर्च छोटा आहे, पण चुकीचा झाला तर पैसेही जातात आणि वर कायद्याची भानगड मागे लागते.

पहिला आकडा: मेगाहर्ट्झ

वायरलेस सेट म्हणजे खेळणं नाही. आपल्याकडे तो वापरायला साधारणपणे सरकारी लायसन्स लागतं. काही ठरावीक पट्ट्यांना त्यातून सूट आहे. आपल्या कामाचे असे पट्टे दोन.

एक, सीबी म्हणजे सिटिझन्स बँड: २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत.
दोन, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा. यात कमी पॉवरचे, हातात मावणारे सेट येतात.

आता दादांच्या दोन्ही पर्यायांकडे बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच सेटवर १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० असे मोठे पट्टे लिहिलेले असतात. त्यात पोलीस, सुरक्षा यंत्रणा आणि लायसन्स घेतलेल्या कंपन्याही बोलत असतात. असा सेट लायसन्सशिवाय वापरणं बेकायदा आहे. "सगळेच विकतात की सर!" असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. साइटवर दिसतं म्हणजे चालतं, असं नाही.

भावाच्या सीबीचं काय? अमेरिकेत सीबीला ४० चॅनल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. तिकडचा २८ नंबरचा चॅनल २७.२८५ वर आहे. आपली सूट २७.२८३ ला संपते. म्हणजे २८ ते ४० हे सगळे चॅनल आपल्याकडे सुटीच्या बाहेर! ड्रायव्हरने चुकून बटण फिरवलं की झालं. आणि तिकडून कुणी सीबीऐवजी छोटे वॉकी-टॉकी आणले, तर ते बहुतेक वेळा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झचे निघतात. तेही आपल्या सुटीत बसत नाहीत.

दुसरा आकडा: किलोमीटर नाही, अँटेना

सीबी ऐकायला भारी वाटतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतले ट्रकवाले पेट्रोल पंप कुठे चालू आहे हे एकमेकांना सीबीवरूनच सांगायचे. पण त्या ट्रकच्या केबिनवर लांबलचक अँटेना असायची, हे आपण विसरतो.

साधं गणित आहे. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. चांगल्या अँटेनाला त्याचा चौथा भाग तरी हवा, म्हणजे पावणेतीन मीटर. हातातल्या सीबीची दांडी त्यामानाने फारच आखूड, त्यात तुम्ही बसलेले पत्र्याच्या गाडीत. आवाज दमतो. ४४६ ला लहर साधारण ६७ सेंटिमीटरची, चौथा भाग १७ सेंटिमीटर. म्हणजे हातातल्या सेटवरची छोटी अँटेनासुद्धा बऱ्यापैकी काम करते. म्हणून दोन गाड्यांत हातातलाच सेट फिरवायचा असेल, तर माझं मत ४४६ च्या बाजूने आहे.

आणि खोक्यावरचे दहा किलोमीटर? ते मोकळ्या माळावर, समोरासमोर. या लहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत. गाडीतून गाडीत एखाद-दोन किलोमीटर धरून चाला, घाटातल्या वळणावर त्याहूनही कमी. मोठी अँटेना जोडून किंवा पॉवर वाढवून घ्यायच्या नादाला लागू नका. सूट ठरावीक पॉवरपुरतीच असते.

फिट करून घ्यायचा सेट का नको? कारण आपली दुसरी गाडी बहुतेक वेळा भाड्याची असते. आज हा टेम्पो, उद्या तो. सेट आपल्या पिशवीत असला की गाडी कुठलीही चालते.

तिसरा प्रश्न: हातात कोण धरणार?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, गाडी चालवताना हातात धरून संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग मानलंय. पहिल्याच गुन्ह्याला कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे सेट ड्रायव्हरकडे द्यायचाच नाही. तो शेजारच्या क्लीनरकडे किंवा मदतनिसाकडे. दोन्ही गाड्यांत दुसरा माणूस नसेल, तर आधी माणसाची सोय करा, सेट नंतर.

पैसे देण्याआधी हे बघा

• सेटवर ४४६ चा पट्टा स्पष्ट लिहिलाय का? नुसतं 'लायसन्स फ्री' लिहिलेलं पुरत नाही.
• ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी आहे का? विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा. तो टाळाटाळ करत असेल तर पुढच्या दुकानात जा.
• बिल धंद्याच्या नावावर, मॉडेल नंबरसकट घ्या. रस्त्यात कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा.
• चार्जिंग गाडीतल्या यूएसबीवर होतं का?
• बटण लॉक होतं का? खिशात दाबलं जाऊन दिवसभर खरखर नको.
• एकच जोडी घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा.

आणखी एक. 'प्रायव्हसी कोड' म्हणजे गुप्तता नाही. त्याने फक्त दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं बोलणं मात्र त्यांना ऐकू जाऊ शकतं. कॅश कुणाकडे आहे, पार्टीकडून किती यायचेत, हे सेटवर बोलायचं नाही.

सेटपेक्षा नियम महत्त्वाचा

दादांनी शेवटी ४४६ ची एक जोडी घेतली. पण खरा फरक पडला तो आम्ही कागदावर लिहिलेल्या तीन ओळींनी:

१. घाट लागला की दर दहा मिनिटांनी मागच्या गाडीने आवाज द्यायचा.
२. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही, तर पुढच्या गाडीने पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं.
३. संध्याकाळी दोन्ही सेट चार्जिंगला लावायची जबाबदारी एकाच माणसाची. नावासकट.

दुसरी ओळ नीट वाचा. सेटची रेंज कमी आहे ही अडचण वाटते ना? इथे तीच कामाला येते. आवाज तुटला म्हणजे गाड्या लांब गेल्या, थांबा. त्या दिवशी ताम्हिणीत हे असतं, तर पिकअप दोन वळणं पुढे थांबली असती आणि जेवण वेळेवर वाढलं गेलं असतं.

तेव्हा या आठवड्याचं होमवर्क: खरेदी नंतर. आधी एका कागदावर तुमचा नेहमीचा रस्ता, फोनची रेंज जाते त्या जागा आणि प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी कोण बसतं ते लिहा. कागद भरला की सेट घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात!