डिचोलीचा भाषासेवक

आज पोलंडमध्ये असलेल्या ब्यालिस्तोक नगरात १८५९ साली लुडविक झामेनहोफ यांचा जन्म झाला. रशियन, पोलिश, जर्मन व यहुदी असे समाज तेथे शेजारी राहत. परंतु भाषा भिन्न, म्हणून मनेही भिन्न. हे शल्य बाळपणापासून त्यांना सलत होते. पुढे नेत्रवैद्य झालेल्या या गृहस्थांनी १८८७ साली ‘एस्पेरांतो’ ही नवी भाषा जगापुढे ठेवली. या शब्दाचा अर्थ ‘आशा धरणारा’. कोणाचीही मिरास नसलेली, सर्वांस सारखीच परकी व सारखीच आपली अशी ती भाषा होय.

आमच्या गोमंतकातही असाच एक भाषावेडा होऊन गेला. मात्र त्याची वाट उलट दिशेची. जगासाठी नवी भाषा घडविण्याऐवजी त्याने घरातील जुन्या भाषेस मान मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना शणै गोंयबाब म्हणून ओळखतात. २३ जून १८७७ रोजी डिचोली येथे त्यांचा जन्म झाला.

डिचोली, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. तेथे देवळात, कीर्तनात व शाळेत मराठी. चुलीपाशी मात्र कोकणी. वामनरावही मराठी शिकले, पोर्तुगीज शिकले, पुढे मुंबईस गेले व इटालियन वकिलातीत नोकरी करू लागले. मुंबईत त्यांनी काय पाहिले? सुशिक्षित गोमंतकीय चारचौघांत आईच्या भाषेत बोलावयास लाजत होता. ही लाज त्यांना असह्य झाली. नोकरी सांभाळून त्यांनी नाटके, कथा, इतिहास व व्याकरण हे सारे कोकणीत लिहिले. ‘कोंकणी भाशेचें जैत’ हा त्यांचा ग्रंथ १९३० साली निघाला. ९ एप्रिल १९४६ रोजी ते निवर्तले. तोच दिवस आज जागतिक कोकणी दिन म्हणून पाळला जातो. १९८७ साली कोकणी गोव्याची राजभाषा झाली व १९९२ साली तिला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले.

कोकणी ही मराठीची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा होय, असा त्यांचा आग्रह होता. पुष्कळ मराठी विद्वानांस तो रुचला नाही, आणि या वादाने गोव्यात मने दुखावलीही. मराठीवर प्रेम करणाऱ्या आम्हांस येथे फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, ते मराठीत. आणि त्यांचे व्याकरण १६४० साली निघाले, ते कोकणीचे. एकाच लेखणीने दोन्ही भाषांची सेवा केली. उलट, १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत कोकणी बोलणे बंद व्हावे, असे फर्मान काढले. फर्मान कागदावर राहिले. भाषा आयांच्या मुखी जगली.

वाचकहो, आपल्याही अनेक घरांत अंगणाची बोली एक व शाळेची भाषा दुसरी असते. आजी बोलू लागली की नातवंडे हसतात, आणि आजी गप्प होते. प्रमाण मराठी मुलांनी अवश्य शिकावी, इंग्रजीही शिकावी. पण त्यासाठी आजीला गप्प बसविण्याचे कारण नाही. झामेनहोफ यांनी परक्याशी बोलावयाची वाट शोधली. वामनरावांनी घरच्यांशी बोलावयाची लाज घालविली. आज रात्री जेवणाच्या पंगतीत आजीला एखादी जुनी गोष्ट विचारावी, आणि ती तिच्याच बोलीत सांगू द्यावी.