कोलकात्याने शोधलेला समुद्र

कोलकात्याला गोदी आहे, समुद्र नाही. मुंबईकर संध्याकाळी सहज चौपाटीवर जाऊन बसतो, कोलकातेकराला त्यासाठी दीघा गाठावे लागते. पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यात, ओडिशाच्या सीमेला खेटून असलेले हे गाव सुमारे १८५ किलोमीटर दूर आहे. दीघा, पुरी आणि दार्जिलिंग ही बंगाली कुटुंबाची सुटीची ठरलेली ठिकाणे. त्यांतले दीघा सर्वांत जवळचे आणि खिशाला परवडणारे.

हा किनारा नावारूपाला आला तो आजारपणामुळे. अठराव्या शतकातल्या कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीचे गोरे नोकर तापाने पटापट दगावत. दार्जिलिंग कंपनीच्या हाती आले १८३५ मध्ये. तोवर थंड हवेचा आसरा नव्हता. तिकडे इंग्लंडात डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये समुद्राचे पाणी औषध म्हणून सांगितले आणि ब्रायटनला स्नानासाठी रीघ लागली. कोलकात्याच्या साहेबांनी तोच उपचार बीरकूलला सुरू केला. बीरकूल हे दीघ्याचे जुने नाव. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याला पूर्वेचे ब्रायटन म्हटले, असे सांगतात. प्रकृतीसाठी तिथे गेलेल्या बड्या मंडळींची खबर कोलकात्यातून निघणाऱ्या हिकीच्या वृत्तपत्रात छापून येई.

मराठी वाचकाने इथे थांबून नकाशा पाहावा. बंगालच्या नवाबाशी झालेल्या १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे गेला, बंगालची बारा लाखांची चौथ ठरली आणि सुवर्णरेखा नदी सरहद्द झाली. त्या नदीचे मुख दीघ्याहून फार लांब नाही. पटाशपूर परगणा तर नदीच्या बंगालकडच्या बाजूला असूनही १८०३ पर्यंत मराठ्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे साहेब लोक हवापालटाला येत ते मराठ्यांच्या उंबरठ्यावर. त्याच १७८० मध्ये मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी फौज घेऊन कटकात तळ देऊन होते. नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध जुळवलेल्या चौकडीत बंगालवर चालून जाण्याचे काम भोसल्यांकडे होते. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजून ती चढाई टाळली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातले वडगाव आपल्याला पाठ असते. कटकचा हा तळ मात्र आपण विसरलो, याची मला मनापासून खंत वाटते.

बीरकूलचे बंगले पुढे समुद्राने गिळले. शतकभराहून अधिक काळ तिथे फारसे कोणी फिरकले नाही. १९२३ मध्ये जॉन फ्रँक स्नेथ हा इंग्रज आला आणि किनाऱ्यावर भाळून इथेच राहिला. स्वातंत्र्यानंतर त्याने मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्याकडे दीघ्यासाठी पाठपुरावा केला. रॉय स्वतः नामांकित डॉक्टर. त्यांनी मनावर घेतले आणि आजचे दीघा उभे राहू लागले. पूर्वी जिथे फक्त साहेब येत, तिथे कारकून, शिक्षक, दुकानदार मुलाबाळांसह येऊ लागले. दीघ्याची खरी कमाई मला हीच वाटते.

किनारा सपाट, वाळू घट्ट, पाणी कोकणासारखेच गढूळ. सुरूच्या बनांत शिरले की किहीमची आठवण येते. पहाटे मोहन्याच्या, म्हणजे खाडीच्या मुखाजवळच्या, बाजारात ट्रॉलर रिकामे होतात, मासळीचा लिलाव पुकारला जातो. तो चुकवू नये. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे मत्स्यालय मुलांना आवडते. २००४ मध्ये रेल्वे आली. ३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय तृतीयेला, पुरीच्या धर्तीवरचे जगन्नाथ मंदिर खुले झाले आणि समुद्रस्नानाच्या गावात आता यात्रेकरूही उतरू लागले.

समुद्राचे आत सरकणे मात्र थांबलेले नाही. जुन्या दीघ्यात भरतीला वाळू दिसतच नाही. लाटा दगडी बंधाऱ्यावर आपटतात. मे २०२१ मध्ये ‘यास’ चक्रीवादळात पाणी बंधारा ओलांडून रस्त्यांवर, दुकानांत शिरले. बंधारा वाढवत नेणे हा काही कायमचा उपाय नव्हे. बीरकूलचे काय झाले हे ठाऊक असताना लाटांच्या तोंडाशी नवी हॉटेले बांधू देऊ नयेत, आणि उरलेल्या सुरूच्या बनांना कोणी हात लावू नये.