एकच दारू, चार रायफली : अमेरिकेतले शिकारी हा हिशेब कसा जुळवतात?

गोव्याच्या हद्दीवर ‘दारू’ म्हटलं की आधी चेकनाका आठवतो. पण आपल्या भाषेत बंदुकीत भरायची तीही दारूच, आणि इथे विषय तिचाच आहे. कोकणात, खानापूर-चंदगडच्या रानात ठासणीच्या बंदुकीत जी काळी दारू ठासतात, ती मात्र नव्हे. आधुनिक रायफलच्या काडतुसातली, धूर जवळजवळ न करणारी दारू. अमेरिकेत ती बंदुकांच्या दुकानात फळीवर मांडलेली असते, प्लास्टिकच्या डब्यांत, एक पाउंडाला किंवा आठ पाउंडाला. पंधरा-वीस नव्हे, शंभरावर प्रकार. आणि तिथल्या हजारो शिकाऱ्यांना दरवर्षी पडणारा प्रश्न असा, की घरात तीन-चार वेगवेगळ्या रायफली आहेत, तर सगळ्यांना चालेल अशी एकच दारू घेता येईल का?

प्रश्न काटकसरीचा वाटतो. तो तेवढाच नाही. चुकीची दारू चुकीच्या काडतुसात गेली तर रायफल हातात फुटते.

आधी काडतूस समजून घेऊ. त्याचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली टिकली, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार निघाला की गोळी जाते, दारू जळते, टिकली फुकट जाते. पुंगळी मात्र शाबूत राहते. काडतुसात सगळ्यात महाग भाग तोच. म्हणून ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवी टिकली-दारू-गोळी भरायची. याला रीलोडिंग म्हणतात. तिथे हा कायदेशीर छंद आहे, आणि नेम धरून मारणारे लोक तो पैशापेक्षा अचूकतेसाठी जास्त करतात. आपल्या रायफलला जे मानवतं ते स्वतः तयार करता येतं.

आता चार रायफली कोणत्या? तिथल्या साध्या शिकारी घरात सापडतील अशा घेऊ. कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतल्या कायोटीसाठी .२२३ रेमिंग्टन. पोरांच्या पहिल्या हरणासाठी .२४३ विंचेस्टर, कारण धक्का कमी. सगळ्या कामाची .३०८ विंचेस्टर. आणि आजोबांची .३०-०६ स्प्रिंगफील्ड, जिचं काडतूस १९०६ सालचं आहे.

यातली दोन बेळगावच्या फौजी घरांना लांबून ओळखीची वाटतील. मराठा लाइट इन्फंट्रीत ज्यांनी एसएलआर हाताळली, त्यांचं ७.६२ काडतूस .३०८ चा भाऊ. आणि इन्सासचं ५.५६ हे .२२३ चा. भाऊ म्हटलं, जुळे म्हटलेलं नाही. मापं जवळची असली तरी दाब आणि रायफलच्या खोबणीची मापं हुबेहूब सारखी नसतात.

जळण्याचा वेग, सगळं त्यात आहे

दारू फुटत नाही, जळते. फक्त फार लवकर जळते. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं टाकली की भडाडून पेटतात आणि संपतात; बाभळीचा ओंडका सावकाश, पण बराच वेळ ताव देतो. कोणत्या वेळी काय सारायचं हे जाळव्याला कळतं. दारूचंही तसंच. नायट्रोसेल्युलोज बहुतेकींत तेच, पण दाण्याचा आकार, त्याला आरपार भोक आहे की नाही, वर जळण मंदावणारा लेप किती, यावरून कोणती चिपाडासारखी आणि कोणती ओंडक्यासारखी ते ठरतं. एक फरक मात्र मोठा आहे. चुलीतलं लाकूड बंदिस्त केलं तर विझतं, दारू बंदिस्त केली तर आणखी जोरात जळते. दाब वाढला की वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. हे चक्र आवाक्यात ठेवणं म्हणजेच काडतूस भरणं. .३०८ साठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पाउंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस भरतो.

मग कोणत्या काडतुसाला कोणता वेग? पुंगळीचं पोट आणि नळीचं भोक यांचं प्रमाण बघायचं. .३०८ आणि .२४३ ही जोडी यासाठी अगदी नामी आहे, कारण १९५५ चं .२४३ हे .३०८ चीच पुंगळी घेऊन तिचं तोंड आवळून केलेलं आहे. घागर तीच, तोंड बारीक. .३०८ मध्ये गोळी पुढे सरकली की तिच्या मागची जागा झपाट्याने वाढते, वायूला पसरायला वाव मिळतो. .२४३ मध्ये भोक बारीक, त्यामुळे जागा हळू वाढते आणि दाब साचतो. म्हणून .२४३ ला, विशेषतः वजनदार गोळीला, जरा संथ दारू मानवते. .२२३ चं पोटच लहान, तिला जलदसर हवी. .३०-०६ चं पोट .३०८ पेक्षा मोठं, ती पुन्हा संथकडे झुकते.

म्हणजे चौघींची आवड वेगळी. तरी चौघींना चालेल असा मधला पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात एक आकडा गेली ऐंशी वर्षं पुन्हा पुन्हा ऐकू येतो : ४८९५.

रेल्वेच्या डब्यात साठवलेली दारू

४८९५ दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकी सैनिकांच्या एम-१ गॅरंड रायफलीत .३०-०६ चं काडतूस होतं, त्यासाठी ड्यू पाँट कंपनीच्या आयएमआर मालिकेतली ही दारू वापरात आली. युद्ध संपल्यावर सरकारकडे तिचे ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन या गृहस्थाने विम्यावर कर्ज काढून ती घाऊक उचलली, मालगाडीच्या जुन्या डब्यात साठवली आणि मासिकात छोटी जाहिरात देऊन पिंपाने विकायला सुरुवात केली. आज अमेरिकेत दारू विकणाऱ्या मोठ्या नावांत हॉजडन आहे, आणि २००३ मध्ये आयएमआरचा धंदाही त्यांच्याकडेच आला.

स्वस्तात मिळाली म्हणून लोकांनी ती .३०-०६ सोडून सापडेल त्या काडतुसात, अर्थात मापं काढून, वापरून पाहिली. ती बहुतेकांत बरी चालली. कशातच अव्वल नाही, पण कशात नापासही नाही. वर्गात अशी पोरं असतात.

इथे एक घोळ लक्षात ठेवावा असा आहे. बाजारात आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ अशा दोन दारू आहेत. आकडा एक, दारू दोन. एच ४८९५ ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथल्या कारखान्यात बनते, तिचा जळण्याचा वेग थोडा निराळा आहे, आणि एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. ४३५० च्या बाबतीतही हेच. डब्यावरचं इंग्रजी अक्षर आकड्याइतकंच महत्त्वाचं.

दोघींतून निवडायचं तर एच ४८९५ ची बाजू जड आहे. ती उन्हा-थंडीने फारशी बदलत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात चाचणी घेऊन भरलेलं काडतूस नोव्हेंबरच्या बर्फात हरणावर झाडायचं असतं, तिथे याची किंमत कळते. शिवाय पोरांसाठी कमी धक्क्याची, कमी दारूची काडतुसं भरायला कंपनी स्वतः हीच दारू सुचवते. एरवी रायफलमध्ये मनाने दारू कमी करणंही धोक्याचंच असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याच कारखान्यातली व्हार्गेट किंचित संथ आहे; .३०८ वर जीव असलेले लोक तिच्यावरच हात ठेवतात, आणि तेही चुकीचं नाही.

घरात गॅरंड असेल तर चर्चाच मिटते. त्या रायफलचं यंत्र नळीतल्या वायूवर चालतं. फार संथ दारू घातली तर गोळी नळीच्या टोकाशी पोहोचते तेव्हाही दाब जास्त राहतो आणि यंत्राचा लांब दांडा वाकतो. ४८९५ तिच्यासाठीच ठरलेली, तिथे प्रयोग कशाला?

गमावायचं काय, तेही मोकळेपणाने सांगायला हवं. .३०-०६ मध्ये जड गोळी घालून एल्कसारख्या धिप्पाड जनावरामागे जायचं असेल, तर ४३५० च्या जातीची संथ दारू जास्त वेग देते. ६.५ क्रीडमूर हे २००७ चं काडतूस तर एच ४३५० शी इतकं जोडलं गेलं की दोघांचं नाव एका दमात घेतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या मोठ्या पोटाच्या काडतुसाला ४८९५ भरून पाहण्यात अर्थ नाही. आणि पिस्तुलाची दारू हा वेगळाच संसार आहे. ती इतकी जलद असते की रायफलच्या पुंगळीत चुकून भरली तर दुसरा बार काढायची वेळ येत नाही.

एकाच दारूचा खरा फायदा इथेच आहे. सगळ्या जवळपास सारख्या दिसतात, करड्या-काळ्या दाण्यांच्या. रात्री कामावर बसलेला माणूस, शेजारी तीन डबे उघडे, मापाच्या नळकांड्यात उरलेली दारू कोणत्या डब्यातली ते आठवत नाही. अपघात होतात ते असे. म्हणून जुने लोक टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवतात आणि ओळख न पटलेली दारू सरळ टाकून देतात. घरात डबाच एका जातीचा असेल तर ही गफलत मुळातच होत नाही.

दारू बदलल्याने काय होतं याचा सगळ्यात कडू धडा सैन्याचाच आहे. एम-१६ रायफल आयएमआर दारूवर बेतलेली होती. १९६४ मध्ये तिच्या काडतुसात गोल दाण्याची ‘बॉल’ दारू आली. बार काढण्याचा वेग वाढला, आत काजळी साचू लागली, त्यात साफसफाईचं सामान अपुरं आणि नळीच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नाही. व्हिएतनाममध्ये ऐन चकमकीत रायफली अडकल्या, जवान गेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने यावर ताशेरे ओढले.

मिळाली तर

गेल्या काही वर्षांत निवडीत एक साधी गोष्ट घुसली आहे : दुकानात काय आहे? २०१३ मध्ये टंचाई झाली, कोरोनाच्या काळात पुन्हा झाली, आणि युक्रेन युद्धानंतर नायट्रोसेल्युलोज तोफगोळ्यांकडे वळलं. २०१९ च्या आसपास पाउंडाला तीस डॉलरच्या आतबाहेर असलेली दारू आता पन्नासच्या घरात गेली. पाउंडात ७,००० ग्रेन, म्हणजे .३०८ ची दीडशेच्या आसपास काडतुसं, .२२३ ची पावणेतीनशे. घरपोच मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा आकार प्रत्येक पार्सलवर पडतो. म्हणून चार प्रकारचे चार छोटे डबे घेण्यापेक्षा आठ पाउंडाचा एक मोठा घेणं परवडतं. नवा डबा आला की बॅच बदलते, तेव्हा वजन पुन्हा खालून सुरू करायचं; मोठ्या डब्यामुळे ही कटकटही कमी होते. घरात मूळ डब्यांतच, वीस पाउंडांपर्यंत ठेवावी असा तिथला अग्निसुरक्षेचा दंडक आहे.

वजनाचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते गोळी, पुंगळी, टिकली यांसह कंपनीच्या चालू पुस्तकातूनच घ्यायचे असतात.

आपल्याकडे हे व्हिडिओ पाहून कोणी डोकं चालवू नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे. कोल्हापूर-बेळगावच्या रेंजवर शिकणाऱ्या पोरांना तर हा प्रश्नच येत नाही. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं, ते .२२ च्या काडतुसावर. त्यात वेगळी टिकली नसते, स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. एकदा घोडा कडेवर आपटला की कड चेपते, आणि ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही.