थंडीत ट्यूब भकभक का करते?

उशिरा समजणाऱ्याला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणतो ना? आज खऱ्या ट्यूबलाइटबद्दल बोलू. डिसेंबर-जानेवारीत आपल्या दोंडाईच्याकडे पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो. बारावीवाला पहाटे अभ्यासाला उठतो आणि जुनी चोकवाली ट्यूब नुसती भकभक करत बसते.

आधी आत काय चालतं ते बघू. ट्यूबमध्ये आर्गॉन वायू आणि किंचित पारा असतो. बटण दाबलं की स्टार्टरमधली पट्टी तापून वाकते, सर्किट जोडलं जातं आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांचे फिलामेंट तापतात. पट्टी गार होऊन सुटते, त्या क्षणी चोक जास्त व्होल्टेजचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. नाही पेटली, तर पुन्हा पहिल्यापासून! तीच ती भकभक.

थंडीत पाऱ्याची वाफ कमी बनते, ट्यूब पेटायला जास्त जोर लागतो. त्यात रब्बीच्या मोटारींमुळे व्होल्टेज २३० वरून खाली आलं, तर झटकाही कमजोर पडतो.

मग दोष कुठे, हे कसं शोधायचं? कोड डीबग करताना करतो तसंच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि हात लावण्याआधी मेन स्विच बंद!

१. दुपारी लावून बघा. पटकन पेटली, तर कारण थंडी किंवा व्होल्टेज. तेव्हाही अडखळली, तर पार्ट खराब.

२. आधी स्टार्टर बदला, तो सगळ्यात स्वस्त. टोकं नुसती लाल राहत असतील, तर बहुतेक तोच चिकटलाय.

३. टोकं काळी पडलीत? ट्यूबचं आयुष्य संपत आलंय.

४. चोकला जळका वास येतोय? लगेच बंद करा, वायरमनला बोलवा.

‘पेटेल हळूहळू’ म्हणून तासभर भकभकत ठेवू नका. प्रत्येक प्रयत्नात फिलामेंटवरचा लेप झिजतो, म्हणजे चांगली ट्यूबही लवकर जाते. जुनी ट्यूब फोडू नका, आत पारा आहे. फुटलीच तर खिडक्या उघडा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

नवीन घ्यायचीच असेल तर एलईडी घ्या, तिला थंडीचा त्रास नाही. फक्त जुन्या पट्टीत बसवताना वायरिंग बदलावी लागू शकते, पाकिटावरची आकृती वायरमनला दाखवा.

घरातली ट्यूब कितव्या प्रयत्नात पेटते, आज मोजून बघा. भेटू पुढच्या भागात!