हाताला सूत सापडेपर्यंत

जुडिथ स्कॉटने केलेलं एखादं शिल्प पाहणारा माणूस आधी गोंधळतो. समोर माणसाएवढा एक गाठोड्यासारखा आकार असतो. त्यावर लोकर, दोरा, चिंध्या, दोरखंड यांचे हजारो वेढे असतात. लाल धाग्याखालून निळा डोकावतो, एखाद्या ठिकाणी आतल्या वस्तूचा कोपरा दिसतो न दिसतो. आत काय आहे हे बाहेरून सांगता येत नाही. कधी सायकलचं चाक असतं, कधी खुर्ची, तर एका शिल्पात दुकानात सामान वाहायची अख्खी ढकलगाडी आहे. सूत मिळालं नाही तेव्हा तिने कागदी रुमालांना गाठी मारून शिल्प केलं. बांधणी मात्र कुठेही ढिली नाही. रंग कुठे थांबायचा, फुगवटा कुठे यायचा, हे सगळं हातांना पक्कं ठाऊक असल्यासारखं आहे.

हे हात सुताला पहिल्यांदा भिडले तेव्हा ती पंचेचाळिशीला आली होती.

जुडिथचा जन्म १९४३ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. तिला डाऊन सिंड्रोम होता. जॉइस ही तिची जुळी बहीण. सात वर्षांची होईपर्यंत दोघी सतत एकमेकींबरोबर होत्या. मग जुडिथला सरकारी संस्थेत ठेवण्यात आलं. तिला ऐकू येत नव्हतं आणि हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तोंडी प्रश्नांच्या चाचण्या झाल्या, ती काहीच बोलली नाही, आणि ‘ही शिकण्यापलीकडची आहे’ असा निकाल लागला. तिची पुढची पस्तीस वर्षं संस्थांमध्ये गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जॉइसने तिचं पालकत्व कायद्याने मिळवलं, तिला कॅलिफोर्नियात आपल्याकडे आणलं आणि १९८७ साली ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात दाखल केलं.

सगळ्यात थक्क करणारा भाग मला यापुढचा वाटतो. जवळजवळ दोन वर्षं जुडिथने तिथे म्हणावं असं काहीच केलं नाही. कागदावर थोड्या रेघोट्या ओढल्या, एवढंच. तरीही तिला कोणी घरी पाठवलं नाही. ‘हिला कलेची आवड नाही’ असा शेराही मारला नाही. रोज तिच्यासाठी जागा होती, टेबल होतं, साहित्य होतं. मग सिल्व्हिया सेव्हन्टी ही धाग्यांत काम करणारी कलावती कार्यशाळा घ्यायला आली. जुडिथने त्या वर्गात सांगितलेलं काहीच केलं नाही. तिने काटक्या गोळा केल्या आणि त्यांच्याभोवती सूत, कापड गुंडाळायला सुरुवात केली. तिला अडवलं गेलं नाही, हे त्या दिवसाचं खरं मोल. २००५ साली ती गेली तोवर तिची दोनशेच्या आसपास शिल्पं झाली होती. आज त्यांतली काही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आर ब्रूत संग्रहात आहेत.

असं केंद्र उभं कसं राहिलं? साठ-सत्तरच्या दशकांत कॅलिफोर्नियातली मोठमोठी सरकारी मनोरुग्णालयं आणि निवासी संस्था रिकाम्या होऊ लागल्या होत्या. तिथली माणसं बाहेर आली, पण दिवसभर जायचं कुठे आणि करायचं काय, याचं उत्तर कोणापाशीच नव्हतं. फ्लॉरेन्स कॅट्झ या चित्रकार आणि कलाशिक्षिका, त्यांचे पती इलायस मानसशास्त्रज्ञ. १९७४ साली या दोघांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये रंग-कागद मांडले आणि या माणसांना बोलावलं. तीच क्रिएटिव्ह ग्रोथची सुरुवात. पुढे त्यांनी रिचमंड आणि सॅन फ्रान्सिस्को इथे आणखी दोन केंद्रं उभी केली, आणि तिन्ही आजही चालू आहेत.

या केंद्रांची रीत बघण्यासारखी आहे. तिथे येणारा माणूस कलाकार म्हणून येतो, त्याला रुग्ण समजत नाहीत. त्याच्यासोबत काम करणारी मंडळी स्वतः चित्रकार, शिल्पकार असतात. माती, लाकूड, कापड, छापे, रंग असं सगळं हाताशी ठेवलेलं असतं. मार्गदर्शक धडा देत नाहीत आणि नमुना ठेवून नक्कल करवून घेत नाहीत. ते पाहत राहतात. हा माणूस कशापाशी पुन्हा पुन्हा जातो? कोणता रंग परत ठेवतो? खडू मोडेपर्यंत दाबतो की हलकेच फिरवतो? त्यावरून ते उद्याचं साहित्य ठरवतात. झालेली कामं प्रदर्शनात लागतात, विकली जातात आणि पैशातला वाटा कलाकाराला मिळतो.

गाण्याच्या मैफलीत गवयामागे तंबोरा धरून बसलेला माणूस आठवा. तो स्वतःची तान घेत नाही, पण त्याने धरलेला सूर सुटला तर गाणाऱ्याचाही आधार जातो. या केंद्रांतले मार्गदर्शक असेच सूर धरून बसलेले असतात.

ही रीत मेंदूची घडण वेगळी असलेल्या माणसांना का मानवते, याचा उलगडा अलीकडच्या विचारांतून होऊ लागला आहे. २००५ साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी स्वमग्नतेविषयी एक कल्पना मांडली. तिचा गाभा असा की बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी अनेक गोष्टींत थोडं थोडं वाटलेलं असतं, स्वमग्न माणसाचं लक्ष मात्र थोड्या गोष्टींत, पण सगळ्या जोराने ओतलेलं असतं. तिथून त्याला ओढून काढणं म्हणजे त्रास. शाळा नेमकं हेच करते. पाऊण तास गणित झालं की घंटा, लगेच भूगोल, मग पुन्हा घंटा. कलेच्या टेबलावर मात्र एकाच गोष्टीत दिवसभर बुडून राहता येतं. इतरत्र ‘तेच तेच करतो’ म्हणून ज्याची तक्रार होते, ते इथे शैली होऊ शकतं.

दुसरी कल्पना डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाची, २०१२ सालची. स्वमग्न माणसांना इतरांचं मन कळत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मिल्टन म्हणतात, ही अडचण दोन्ही बाजूंची आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन कळत नाही, फक्त त्याचा दोष एकाच्याच माथी मारला जातो. मग समजून घ्यायचं अर्धं ओझं आपणही उचलायला हवं. मार्गदर्शक नेमकं तेच उचलतो. दोघांच्या मध्ये एक कागद किंवा मातीचा गोळा असतो. डोळ्यांत डोळे घालायची सक्ती नाही, बोलायची घाई नाही. एकाने केलं, दुसऱ्याने पाहिलं, एवढ्यावर नातं जमायला लागतं.

डॅन मिलर हा क्रिएटिव्ह ग्रोथमधला स्वमग्न कलाकार फार कमी बोलतो. पण त्याचे कागद शब्दांनी भरलेले असतात. विजेचे दिवे, प्लगची सॉकेट्स, माणसांची, गावांची नावं तो एकावर एक इतक्या वेळा लिहितो की अक्षरं विरून जातात आणि उरतं रेषांचं दाट जंगल. २०१७ साली व्हेनिसच्या ‘बिएनाले’ या जगप्रसिद्ध कला-महोत्सवात त्याची चित्रं आणि जुडिथची शिल्पं एकाच प्रदर्शनात होती.

यात एक गंभीर प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. जी व्यक्ती शब्दांत सांगू शकत नाही, तिचं काम नक्की तिचंच आहे हे कशावरून? मार्गदर्शकाचा हात त्यात किती? साहित्य कोण निवडतं, काम संपलं हे कोण ठरवतं, यांत उत्तराचा मोठा भाग असतो. जुडिथचं शिल्प झालं की ती ते बाजूला सारायची. मग त्यावर कोणी एक दोराही चढवायचा नाही. ही शिस्त जिथे पाळत नाहीत, तिथे कलेच्या नावाखाली दुसऱ्याचीच आवड त्या माणसावर लादली जाते. सुंदर दिसावं म्हणून मुलाचा हात धरून चित्र पुरं करणारे आपण सगळेच इथे थोडे सावध झालो तर बरं.

मराठी घरांत हा विषय पोचला तो बराचसा ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे. पाचगणीच्या शाळेतला, वाचताना अडखळणारा ईशान आणि त्याला ओळखणारा चित्रकलेचा मास्तर २००७ साली घरोघरी पोचले. अनेक पालकांनी आपल्या मुलाकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिलं. त्या गोष्टीत चित्राचं बोट धरून मूल पुन्हा अक्षरांकडे वळतं. ओकलंडच्या टेबलावर मात्र कलेला दुसऱ्या कुठे पोचवायचं कामच नाही. तीच त्या माणसाचं काम आहे, त्याची ओळख आहे.

हा फरक मोठा आहे, कारण मूल मोठं होतं. शाळा एका वयानंतर संपते आणि ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न घेऊन आईवडील रात्री जागतात. त्या प्रश्नाला पुरतं उत्तर कोणा एका केंद्रापाशी नाही, पण नेना कालूची गोष्ट एक दिशा दाखवते. १९६६ साली ग्लासगोत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी ही स्वमग्न कलावती फार मोजकं बोलते. व्हिडिओ टेप, चिकटपट्टी, पारदर्शक प्लास्टिक, कापड यांचे वेढ्यांवर वेढे घालून ती टांगती शिल्पं करते. कागदावर ती भोवऱ्यासारखी गरगरती वर्तुळं काढते, आणि एक चित्र झालं की त्याच्या जोडीला तसंच दुसरं. १९९९ सालापासून ती ‘ॲक्शनस्पेस’ या संस्थेत काम करते आणि शार्लट हॉलिन्सहेड या कलावतीने तेव्हापासून तिला साथ दिली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमधला मानाचा टर्नर पुरस्कार नेनाला मिळाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकाराला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

पुरस्काराची बातमी जगभर गेली. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती सव्वीस वर्षांची सोबत. आपल्याकडचे उपक्रम बहुधा सुट्टीतल्या शिबिराइतके किंवा अनुदानाच्या एका वर्षाइतकेच जगतात, आणि अहवालात ‘प्रगती’चा रकाना भरावा लागतो. त्या रकान्यात जुडिथची पहिली दोन वर्षं शून्य ठरली असती. आपल्या तालुक्याच्या गावी एखादी बंद पडलेली खोली, एक लांब टेबल, चिंध्या, सूत, माती आणि रोज तिथे येऊन बसणारा एखादा चित्रकार मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याला दहा वर्षं तिथे टिकवणं, त्याला नियमित मानधन देणं आणि पहिल्या वर्षी भिंतीवर लावण्याजोगं काही झालं नाही तरी खोलीला कुलूप न लावणं. पैसा, धोरण आणि आपली सद्भावना तिथे लागायला हवी.